साखरेचा आंबूस वास

चष्मे दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोकांबद्दल जे कळतं, ते न कळलेलं बरं. नाकावर टेकणाऱ्या त्या दोन इवल्याशा गाद्यांखाली घाम, पावडर आणि कातडीचा कोंडा साठून हिरवट चिखल होतो. दांड्या कानामागे जिथे वळतात तिथे तर मेणच जमतं. चांगले इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं असला चष्मा नाकावरून काढून सरळ काउंटरवर ठेवत आणि म्हणत, "जरा सैल झालाय, बघा ना." तो चिमट्याने उचलायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा, कापसाच्या बोळ्याने घासायचा आणि बोळा टाकताना मान दुसरीकडे वळवायचा. इतकी वर्षं झाली तरी त्याला सवय झाली नव्हती. शेजारचे दुकानदार त्याला 'कापूस' म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. कापूस निदान स्वच्छ तरी असतो.

चाळिशी उलटल्यावर या माणसाने लग्न केलं, तेही पदरात मूल असलेल्या बाईशी. ती बस डेपोत घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, हे ती माइकवरून इतक्या शांत आवाजात सांगायची की गाडी चुकलेला माणूससुद्धा भांडायचा विसरून जायचा. चष्म्याची काच बदलायला ती दुकानात आली तेव्हा तिचा चष्मा आरशासारखा लख्ख होता. त्याने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि तिथेच त्याचं ठरलं.

तिच्या मुलीला घरात सगळे बटण म्हणत. डोळे गोल, काळे, शर्टाला शिवल्यासारखे. लग्नाआधी त्याने तिला बागेतच पाहिली होती, धुतलेल्या फ्रॉकमध्ये, तासाभरापुरती. हात काड्यांसारखे आणि पोट मात्र फुगलेलं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण लहान मुलांची पोटं अशीच असतात असं त्याला वाटलं. मुलांबद्दल त्याला काय माहीत होतं?

पहिल्याच आठवड्यात कळलं. बटण जेवून उठली, जमिनीवर बसून ठोकळे रचायला लागली, आणि एकाएकी तिच्या पोटात कुणीतरी बादली हलवावी तसा आवाज झाला. पुढचं सगळं चटईवर झालं. नुसतं पातळ पाणी, वर साबणासारखा फेस. वास असा उठला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बायको उठली, मुलीला उचललं, धुतलं, चटई गुंडाळली. परत येऊन ताटावर बसली आणि राहिलेलं जेवू लागली.

"हे काय होतं?" तो भिंतीला पाठ लावून उभा होता.

"पोरांचं चालायचंच," ती म्हणाली. "हिचं पोट जरा नाजूक आहे."

त्याने ताट तसंच सिंकमध्ये ठेवलं. त्या दिवशी तो जेवलाच नाही.

नाजूक हा शब्द त्याला पुढे बरेच महिने ऐकावा लागला. दात येताहेत म्हणून नाजूक, जंत झालेत म्हणून नाजूक, पाणी बदललं म्हणून नाजूक. गल्लीतल्या दवाखान्याने जंतांचं औषध दिलं, मग जुलाबाचं, मग भुकेचं. सगळी औषधं गुलाबी नाहीतर केशरी, आणि सगळी पाकासारखी चिकट. बाटल्यांच्या झाकणांना मुंग्या लागायच्या. बटण चमचा चाटून पुसून घ्यायची. वय वाढत होतं, पण उंची आणि वजन जिथल्या तिथे.

बायकोची दुपारची ड्यूटी असली की दुकान बंद करून बटणला सांभाळायचं त्याच्याकडे असे. त्याने रबरी हातमोजे आणले. नाकावर बांधायला रुमाल आणला, त्यावर स्पिरिटचे थेंब टाकून पाहिले, त्याने डोकंच दुखायला लागलं. बटणला धुताना तो तोंडाने श्वास घ्यायचा. मग वास जणू जिभेवर यायचा आणि ते अधिकच वाईट. कितीदा तरी असं झालं की आधी तिला पुसून कोरडी केली आणि मग धावत जाऊन स्वतः ओकला. तिच्या मांड्यांच्या आतली कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची. त्याने हात लावला की ती कळवळायची, आणि तो तोंड वाकडं करून म्हणायचा, "झालं, झालं, थांब जरा." त्याला तिची दया येत नव्हती असं नाही. पण किळस दयेच्या आधी पोहोचायची.

मात्र ज्याला किळस येते त्याला दिसतंही जास्त. कुठल्या दिवशी काय झालं हे बायकोला आठवत नसे. तिने इतकी वर्षं इतकं धुतलं होतं की तिचं नाक केव्हाच संपावर गेलं होतं. त्याला मात्र प्रत्येक वेळ आठवत होती, नको असताना. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की हा वास नेहमीच्या घाणीचा नाही. हा आंबूस आहे, भिजवलेलं पीठ विसरून राहावं आणि उतू जावं तसा. आणि तो रोज येत नाही. अंडं, दूध, मऊ शिजवलेलं मांस खाल्लं त्या दिवशी येत नाही. केळं खाल्लं की येतो. जॅम-पाव खाल्ला की येतो. गुलाबी औषध घेतलं की हमखास येतो.

हे त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती डेपोचा गणवेश घडी करत होती. तिने घडी अर्धवट सोडली.

"तू माझ्या पोरीची शी हुंगत बसतोस?"

"हुंगायला बसावं लागत नाही. ती आपल्या पायांनी चालत येते."

"तिला कळतं हं सगळं. तुझं तोंड बघते ती."

"मी खाण्याबद्दल बोलतोय."

"केळ्याने जुलाब होतात? जुलाबाला केळं देतात, एवढं तरी विचार कुणाला." तिने घडी उचलली. "तुला घाण सहन होत नाही हे खरं कारण आहे. बाकी सगळं नाक मुरडणं."

त्यात खोटं काही नव्हतं.

थंडी सुरू झाली तशी बटणला खोकला झाला. खोकल्याचं गोड औषध सुरू झालं आणि पाठोपाठ जुलाब. या वेळी थांबेचनात. बायकोची धाकटी बहीण, बटणची मावशी, मदतीला आली. मावशी कर्तबगार बाई. आल्या आल्या तिने पदर खोचला, पाणी उकळून गार केलं, त्यात साखर आणि मीठ घातलं आणि दर दहा मिनिटांनी चमचा बटणच्या तोंडाला लावू लागली.

"अंगातलं पाणी जाता कामा नये, भाऊजी. हे अमृत आहे अमृत."

अमृत आत जात होतं आणि तितकंच, किंबहुना जास्तच, बाहेर पडत होतं. चादरी संपल्या, मग टॉवेल संपले, मग त्याचे दोन जुने शर्ट कामी आले. खोलीत तो आंबूस वास असा भरला की खिडकी उघडली तरी हलेना. बटणचे डोळे आत गेले. बटणं सैल झाल्यासारखी दिसू लागली. रडायची, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

"बंद कर ते," तो दारातून म्हणाला.

"काय बंद करू?"

"ते साखरेचं पाणी. त्यानेच होतंय."

मावशीने बहिणीकडे पाहिलं. "ताई, यांना सांग बाहेर जाऊन बसायला."

तो बाहेर गेला तो रिक्षा घेऊनच आला. हातमोजे शोधायला वेळ नव्हता. त्याने बटणला चादरीसकट उचललं. वाटेत ती चादर भिजली, त्याचा शर्ट भिजला, बाहीतून काहीतरी कोमट कोपरापर्यंत ओघळलं. तो रिक्षाच्या बाहेर मान काढून ओकला, पण हात सैल सोडले नाहीत.

मोठ्या इस्पितळात तिला सलाइन लावलं आणि तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले. असे थांबले, जणू कुणी नळ बंद केला.

मुलांच्या पोटाचे आजार बघणारी डॉक्टर ठेंगणी, जाड काचांचा चष्मा लावलेली बाई होती. तिने बटणचं पोट टिचकी मारून पाहिलं, ढोलासारखं वाजलं. मग तिने विचारलं, "शी कशी असते हिची?"

"पातळ," बायको म्हणाली. "म्हणजे लहान मुलांची असते तशीच."

"रंग? वास?"

"वास काय, असतो तसाच."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात, बाकाच्या अगदी टोकाला, भिंतीला शर्ट लागणार नाही अशा बेताने बसला होता. "वडील का? तुम्हाला काही सांगायचंय?"

मग तो बोलला. इतके महिने पोटात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. फेस किती, बुडबुडे केवढे, आंबूस म्हणजे कसलं आंबूस, दह्यासारखं नव्हे तर उतू गेलेल्या पिठासारखं. केळ्यानंतर किती वेळाने, जॅमनंतर किती वेळाने. दूध प्यायली तर काही नाही, पण दुधात साखर घातली की लगेच. कातडी भाजते ती कुठे आणि कशी. बोलता बोलता त्याला उमासा आला, त्याने तोंडावर हात धरला, गिळलं, आणि पुन्हा सांगू लागला. बायको त्याच्याकडे बघत राहिली. लाजेने तिचे कान लाल झाले होते.

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकली. "आई-वडील म्हणतात, डॉक्टर, नेहमीसारखीच असते. कुणीतरी नीट किळस करणारं घरात हवं." मग ती बायकोला म्हणाली, "हे बघा. साखर म्हणजे दोन कण हातात हात घालून उभे असतात. ते हात सोडवायला आतड्यात एक कात्री असते. काही मुलांमध्ये ती जन्मापासूनच बोथट असते. साखर तशीच खाली उतरते, तिथे सडते, आंबते, फेस धरते. दूध चालतं, कारण त्याची कात्री वेगळी. केळ्यात ही साखर भरपूर. औषधांत तर विचारूच नका. आणि साखर-मिठाचं पाणी एरवी मुलांना वाचवतं. हिला ग्लुकोजवालं पाकीट द्यायला हवं, त्यात कण आधीच सुटे असतात. पण हा झाला माझा अंदाज. तपासून बघू."

"म्हणजे ही बरी होईल?"

"कात्रीला धार लावता येत नाही. पण ही वाढेल, खेळेल, शाळेत जाईल."

"तुमच्या तोंडात साखर पडो," बायको म्हणाली, सवयीने, आणि मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. डॉक्टर हसली. बायको मात्र तोंडाला पदर लावून रडायला लागली.

तपासणी श्वासाची होती. बटणला अंगात ताकद आल्यावर पुन्हा बोलावलं. उपाशीपोटी मोजून साखरेचं पाणी पाजायचं आणि दर थोड्या वेळाने तिने एका पिशवीत फुंकर मारायची. आतड्यात साखर सडली की तिचा वायू श्वासात उतरतो, तो यंत्र मोजतं. बायकोला त्या दिवशी सुटी मिळाली नाही. बटणला वाटलं फुगे फुगवायचा खेळ आहे. सुरुवातीला तिने जोरात फुंकलं. नंतर पोट टम्म झालं, ती त्याच्या मांडीवर पाय पोटाशी घेऊन वळवळू लागली. "काका, नको, काका, नको." काय होणार हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने तिला मांडीवरून उतरवलं नाही, कारण उतरवली तर ती पिशवीत फुंकणार नाही. आणि मग झालं. तिच्या चड्डीतून त्याच्या पॅन्टवर, मोज्यात, बुटात. नर्स फडकं आणायला गेली. तो पाय ताठ करून बसून राहिला, बुटात पाय चिकटत होता, आणि बटणच्या तोंडाशी पिशवी धरून म्हणत होता, "फुंक. अजून एकदा. फुंक." यंत्राचा आकडा झाडावर चढल्यासारखा वर गेला होता. डॉक्टर म्हणाली, अंदाज बरोबर निघाला.

ते बूट त्याने इस्पितळाच्या कचरापेटीत टाकले आणि अनवाणी घरी आला.

मग घरातून साखर गेली. जॅम गेला, बिस्किटं गेली, सॉस गेला. डब्यांवरची बारीक अक्षरं तो दुकानातल्या भिंगाखाली वाचायचा. साखर कुठे नव्हती? पावात होती, लोणच्यात होती, तापाच्या औषधात होती. द्राक्षं चालत होती. पाव आणि बटाटा थोडा, नीट चावून. डॉक्टरने थेंबांचं औषध मागवून दिलं, उसनी कात्रीच ती. फ्रिजमध्ये ठेवायची, गार दुधात घालायची, अर्धी जेवणाआधी, अर्धी जेवता जेवता. त्या थेंबांनी चूकभूल खपून जायची, पण मिठाईचा परवाना मिळाला नव्हता.

बटणचं पोट उतरलं. गालांवर मांस आलं. पण आता त्याला वेगळीच शिसारी येऊ लागली. माणसांची माया किती चिकट असते हे त्याने याआधी पाहिलंच नव्हतं. केमिस्ट औषधाबरोबर गोळी द्यायचा. शेजारीण गाल ओढून हातात चॉकलेट कोंबायची. "एवढ्याशाने काय होतंय?" हे वाक्य तर जणू सगळ्यांना शाळेत पाठ करून घेतलं होतं. त्याला त्या हातांवरची साखर दिसायची, नखांत अडकलेली, आणि तिचं पुढे काय होतं तेही दिसायचं.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना एके सकाळी कपाट उघडलं आणि त्याला तो वास आला. मंद, शिळा, पण तोच. तो कपाटामागे वाकला. तिथे भिंतीच्या कडेला बटणच्या तीन चड्ड्या चुरगाळून कोंबलेल्या होत्या. एक वाळून पुठ्ठ्यासारखी कडक झालेली. दुसरीवर बुरशी. त्याने काठीने ओढून बाहेर काढल्या आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ ओकत राहिला.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिने चड्ड्या पाहिल्या.

"कुणी खायला घातलं हिला?" त्याने तोंड पुसत विचारलं.

"मी." तिचा आवाज माइकवरच्यासारखा शांत राहिला नाही. "कधीतरी एक तुकडा केकचा. डेपोत कुणाचा वाढदिवस असला की. ती बघत राहते रे दुसऱ्यांच्या तोंडाकडे. पण मला वाटलं काही झालं नाही. तिने सांगितलंच नाही मला."

"का नाही सांगितलं?"

बायकोने त्याला दंडाला धरून बेसिनवरच्या आरशासमोर उभं केलं. "हे बघ. हा चेहरा. हा बघून कोण सांगेल?"

त्याने पाहिलं. ओठ एका बाजूला ओढलेला, नाकपुड्या मिटलेल्या, दोन भुवयांमध्ये चिमटा. चड्ड्या आता समोर नव्हत्या तरी तो तसाच होता. घाणेरडा चष्मा चिमट्याने उचलताना गिऱ्हाइकाला हाच चेहरा दिसत असणार. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं. बटण कुठे जाणार होती? कपाटामागे.

त्याला स्वतःचीच किळस आली, आणि ती काही स्पिरिटने पुसता येण्यासारखी नव्हती.

बटण ठोकळ्यांशी बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"त्या चड्ड्या मला सापडल्या," तो म्हणाला.

बटणने एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवला.

"मला ओकारी आली."

"माहितीय. ऐकू आलं."

"मला घाणीची ओकारी येते. लोकांच्या चष्म्यांचीही येते. तुझ्या आईला नाही येत, मला येते. माझं नाकच तसलं आहे, जसं तुझं पोट." तो थांबला. किळस येत नाही असं सांगून उपयोग नव्हता, पोरगी काही आंधळी नव्हती. "पण तू लपवलंस तर मला कळणार नाही की पोटात काय गेलं. मग पुन्हा सलाइन. त्यापेक्षा तू मला सांग. मी तोंड वाकडं करीन, ओकीन, आणि मग धुवीन. ओकायचं माझं मी बघतो. तू फक्त सांगायचं."

बटणने विचार केला. "केकचं सांगितलं तर आईला रागवशील?"

"नाही."

"फेस आला तर तेपण सांगू?"

त्याचं तोंड वाकडं झालं. "तेपण सांग."

तेव्हापासून बटण सांगू लागली. सुरुवातीला कानात, मग मोठ्याने, मग दुकानात गिऱ्हाईक असतानासुद्धा. रंग, आवाज, वास, सगळं. तो डोळे मिटून ऐकायचा, घशात आलेलं गिळायचा, आणि त्या दिवशीच्या खाण्यात काय चुकलं ते दोघं मिळून शोधून काढायचे. बायकोने केक आणणं बंद केलं. घरात साखर नाही म्हणून तिला वाईट वाटायचं, पण ती तसं बोलून दाखवत नसे. एकदा ती त्याला एवढंच म्हणाली, "तुझं तोंड अजून वाकडंच असतं. पण आता ती त्याला हसते." ते खरं होतं. बटण त्याची नक्कल करायची, ओठ ओढून, नाक मिटून, आणि ती अगदी हुबेहूब असायची.

बटण शाळेत जायला लागली त्या वर्षी मावशीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मावशीचे सासू-सासरे होते, नवऱ्याचे साहेब होते, टेबलावर पांढरं कापड होतं. मावशीला सगळं सांगून झालं होतं, आणि तिने ते ऐकूनही घेतलं होतं. पण जेवण संपत आलं तशी ती फळांचं दाट, पाकातलं गोड घेऊन आली आणि सर्वांदेखत एक वाटी बटणपुढे ठेवली.

"खा गं राणी. आज सणासारखं आहे. भाऊजी, आज काही बोलू नका हं. एवढ्याशाने काय होतंय?"

साहेबांनी हसून मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "मुलांना असं तरसवू नये." बायको काही बोलायला गेली, तेवढ्यात बटणने वाटी आपल्या हाताने पुढे सरकवली.

"मला हे चालत नाही," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. आवाज आईचाच होता, डेपोच्या माइकवरचा. "हे खाल्लं की पोटात सडतं. मग हिरवट पाणी होतं. त्याच्यावर फेस येतो, असा, साबणासारखा. बुडबुडे फुटतात. आंबलेल्या पिठासारखा वास येतो. एकदा काकाच्या बुटात गेलं होतं, तर त्याचे मोजे पायाला चिकटले."

साहेबांचा चमचा तोंडापाशी थांबला, मग हळूच वाटीत परत गेला. सासूबाईंनी रुमाल ओठांवर दाबला. सासऱ्यांनी आपली वाटी टेबलाच्या मध्यभागी ढकलली, आणि मावशी ती उचलायला पुढे झाली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"अजून सांगू?" बटणने विचारलं.

"नको," सगळे एकदम म्हणाले.

त्याला अभिमान वाटला. इतका की तो पाठीवर थाप मारायला उठणारच होता. पण समोरच्या वाटीतल्या पाकावर एक बुडबुडा हळूहळू वर आला आणि फुटला, आणि तो घाईघाईने बाथरूम कुठे आहे ते विचारू लागला.